ग्रेट सॉल्ट लेक: प्रवाहाच्या उलट दिशेनं

अमेरिकेतल्या युटा राज्यातलं ग्रेट सॉल्ट लेक बहुतेक लोक एका दुपारीत उरकतात. काठावर उभं राहून फोटो काढायचे आणि परत शहरात. पण हे सरोवर का आटतंय आणि ते वाचवण्यासाठी नेमकं काय चाललंय, हे काठावरून कळत नाही. त्यासाठी पाणी येतं त्या दिशेला, म्हणजे प्रवाहाच्या उलट जावं लागतं. हा मार्ग तसाच आखलेला आहे: आधी दक्षिण काठ, मग बेट, मग उत्तरेचं गुलाबी पाणी, तिथून बेअर नदीच्या मुखाशी असलेली दलदल, नदीच्या वरच्या अंगाची शेतं आणि शेवटी शहर. महिना ऑक्टोबरचा. पाण्याची पातळी तेव्हा वर्षातल्या नीचांकाजवळ असते, पाटाचं पाणी नुकतंच बंद होत असतं आणि पक्षी अजून असतात.

काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. या सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही. बेअर, वेबर आणि जॉर्डन या तीन नद्या पाणी आणतात, त्यात निम्म्याहून जास्त वाटा एकट्या बेअरचा. आलेलं पाणी फक्त बाष्पीभवनानं जातं आणि मीठ मागे राहतं. पातळी इथे समुद्रसपाटीपासूनच्या फुटांत सांगतात, म्हणून तीच पद्धत ठेवली आहे. पाणी एकर-फुटात मोजतात. एक एकर-फूट म्हणजे सुमारे १२ लाख ३३ हजार लिटर, आणि एक टीएमसी म्हणजे जवळपास २३ हजार एकर-फूट.

पहिला दिवस: दक्षिण काठ आणि मोजपट्टी

सॉल्ट लेक सिटीहून आय-८० महामार्गानं पश्चिमेला निघालं की अर्ध्या तासात स्टेट पार्कचा धक्का येतो. २०२२ मध्ये इथल्या शिडाच्या बोटींना तळ लागायला लागला आणि त्या क्रेननं उचलून बाहेर काढाव्या लागल्या. याच बंदरात अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचं पातळी मोजणारं केंद्र आहे. सरोवराबद्दल वर्तमानपत्रात येणारा जवळजवळ प्रत्येक आकडा इथून निघतो.

हा आकडा वाचताना हमखास चूक होते ती वाऱ्यामुळे. सरोवर लांबलचक आणि उथळ आहे. उत्तरेकडून वादळ आलं की पाणी दक्षिण काठावर चढतं आणि वारा पडला की अख्खं सरोवर मागे-पुढे हेलकावत राहतं. एका हेलकाव्याला साधारण सहा तास लागतात. त्यामुळे एका क्षणाच्या नोंदीवरून 'सरोवर अर्धा फूट वाढलं' असं म्हणणं निरर्थक आहे. दिवसाची सरासरी घ्यायची, तीही वारा शांत असलेल्या दिवसांची. तुलना करायची तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, कारण मे-जूनमध्ये पातळी सर्वांत वर असते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्वांत खाली.

लक्षात ठेवण्याजोगे आकडे थोडेच आहेत. १९८६-८७ च्या पुरात पातळी ४,२११ फुटांच्या वर गेली होती. तेव्हा राज्यानं सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून पाणी पश्चिमेच्या वाळवंटात फेकणारे प्रचंड पंप बसवले. १९६३ चा नीचांक ४,१९१ फुटांच्या जरा वर होता. तो २०२१ च्या जुलैमध्ये मोडला आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पातळी ४,१८८.५ फुटांवर आली. निरोगी सरोवरासाठी किमान ४,१९८ फूट धरतात. २०२३ मध्ये विक्रमी बर्फ पडलं, सरोवराचा दक्षिण भाग (रेल्वेच्या भरावानं ते दोन भागांत तुटलं आहे) एका हंगामात साडेपाच फूट चढला आणि २०२४ च्या वसंतात ४,१९५ च्या आसपास पोचला. ही वाढ आकाशाची देणगी होती. त्यानंतर पाणी पुन्हा उतरणीला लागलं.

सरोवराचा आकार परातीसारखा आहे, त्यामुळे फुटाची किंमत सगळीकडे सारखी नाही. ४,२०० फुटांवर पाण्याचा पसारा सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर असतो. २०२२ मध्ये तो जेमतेम २,३०० वर आला. पसारा २,५०० चौरस किलोमीटर असताना एक फूट पातळी वाढवायला ढोबळमानानं सव्वासहा लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे २७ टीएमसी पाणी लागतं. वर जाल तसा प्रत्येक फूट महाग होतो. शिवाय पसरलेल्या पाण्यावरून दरवर्षी साधारण एक मीटर थर उडून जातो, तोही भरून काढावा लागतो. म्हणून 'एकदा भरलं की झालं' असा हिशेब इथे चालत नाही. वाढीव आवक वर्षानुवर्षं टिकवावी लागते.

क्षारता मोजण्याची पद्धतही वेगळी आहे. विहिरीच्या पाण्यासाठी वापरतात ते विद्युतवाहकतेचं यंत्र इतक्या मिठात भरवशाचं राहत नाही. म्हणून नमुन्याचं तापमान नोंदवून हायड्रोमीटरनं घनता मोजतात आणि तिच्यावरून क्षारता काढतात. नमुना फक्त पृष्ठभागावरून घेतला तर फसगत होते. दक्षिण भागात अनेकदा तळाशी जड, प्राणवायू नसलेल्या जास्त खाऱ्या पाण्याचा वेगळा थर बसलेला असतो, त्यामुळे ठरावीक खोलीच्या अंतरानं तळापर्यंत नमुने घ्यावे लागतात.

दुसरा दिवस: अँटिलोप बेट

सिराक्यूस गावापासून सात मैलांचा भराव रस्ता बेटावर जातो. बेट म्हणायचं ते सवयीनं. पातळी खाली असते तेव्हा दक्षिणेकडून कोरड्या तळावरून चालत येता येतं.

उत्तर टोकाच्या ब्रिजर बे किनाऱ्यावर वाळूतून पाण्यापर्यंत बरंच चालावं लागतं. पाण्याच्या कडेला कोबीच्या गड्ड्यांसारखे गोलसर दगड दिसतात. हे मायक्रोबियलाइट. सूक्ष्मजीवांच्या थरांनी चुनखडी साठवत साठवत ते घडवले आहेत आणि पाण्याखाली असतात तोवर त्यांच्यावर शेवाळी साय जिवंत असते. खाऱ्या माश्यांच्या अळ्या ती साय खातात आणि कोषात जाताना याच दगडांना चिकटतात. फॅलरोपसारखे स्थलांतरित पक्षी या माश्यांवर जगतात. पातळी ४,१९० च्या खाली गेली की दगडांचा मोठा हिस्सा उघडा पडतो, साय वाळून दगड पांढरे होतात. पाणी परत आलं तरी साय लगेच धरत नाही. या दगडांवर पाय देऊ नये, ते ठिसूळ असतात आणि दुरुस्त होत नाहीत.

दुसरा आधार आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली नखाएवढी कोळंबी. पावसाळी पिकासारखी ती दरवर्षी अंड्यांतून नव्यानं उगवते. इअर्ड ग्रीब नावाच्या लाखो पाणडुब्या शरद ऋतूत इथे उतरतात आणि ती खाऊन पुढच्या उड्डाणासाठी वजन दुप्पट करतात. तिची टणक कवचाची अंडी पाण्यावर तपकिरी पट्ट्यांनी तरंगतात. एक ऑक्टोबरपासून ती गोळा करायचा हंगाम सुरू होतो. विमानातून पट्टे हेरायचे, बोटींनी तरंगत्या पट्ट्याचा वेढा घालायचा आणि अंडी पंपानं पिशव्यांत भरायची. जगभरच्या मत्स्यबीज केंद्रांत पिल्लांना हेच पहिलं खाद्य असतं. या व्यवसायात एक फार शहाणा नियम आहे: दर लिटर पाण्यात २१ अंडी उरली पाहिजेत, त्याखाली आकडा जाऊ लागला की काढणी थांबते. पुढच्या वसंताचं बियाणं त्यातून राहतं. सरोवरातून काही काढणाऱ्या सगळ्यांनाच असा आकडा बांधून दिला असता, तर आजची वेळ आली नसती असं आमचं स्पष्ट मत आहे.

या दोन्ही जीवांची सहनशक्ती ठरलेली आहे. क्षारता १७ टक्क्यांच्या वर गेली की ताण सुरू होतो. २०२२ च्या शरदात दक्षिण भाग १९ टक्क्यांच्या आसपास पोचला आणि किनाऱ्यावरच्या माश्यांचे काळे पट्टे विरळ झाले. उलटही खरं आहे. १९८० च्या दशकातल्या पुरात क्षारता सहा टक्क्यांवर उतरली, तेव्हा गोड्या पाण्याकडे झुकणारे पाणकिडे घुसले आणि त्यांनी आर्टेमियाचा फडशा पाडला. साधारण १२ ते १६ टक्के ही सुखाची पट्टी, आणि रेल्वेच्या भरावातला जो बंधारा उद्या समजून घ्यायचा आहे, तो याच पट्टीसाठी वरखाली केला जातो.

परतताना भरावाच्या दक्षिणेला फार्मिंग्टन बे दिसतो. कोरडा पडलेला तळ इथे मैलोन्‌मैल आहे. एकूण उघडा तळ दोन हजार चौरस किलोमीटरच्या घरात. सगळा तळ धूळ सोडत नाही हे मात्र समजून घ्यायला हवं. युटा विद्यापीठाचे केव्हिन पेरी यांनी सायकलवरून हा तळ पालथा घातला आणि त्यातला सुमारे ९ टक्के भागच सध्या धूळ उडवतो असं दाखवलं. बाकीच्यावर मिठाची आणि गाळाची पापडी आहे. ती टिकली तर धूळ बसून राहते. गाडी घातली, गुरं चालली की ती फुटते आणि खालची बारीक माती वाऱ्याला मिळते. या मातीत आर्सेनिक आहे आणि वाऱ्याच्या वाटेत पंचवीस लाखांची वस्ती.

पाणी न आणता धूळ दाबायची तर काय लागतं, याचं उत्तर कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स सरोवरानं दिलेलं आहे. लॉस एंजेलिसनं १९१३ मध्ये त्याची नदी वळवली आणि १९२६ पर्यंत सरोवर कोरडं झालं. आता तिथे उथळ पाणी पसरणं, खारं सोसणारं गवत लावणं, चार इंच जाडीची खडी अंथरणं, ढेकळं राहतील अशी नांगरट करणं असे उपाय चालू आहेत आणि खर्च दोन अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे. ओवेन्सचा तळ यापेक्षा कितीतरी लहान आहे.

तिसरा दिवस: रोझेल पॉइंट आणि रेल्वेचा भराव

कोरीन गावावरून गोल्डन स्पाइककडे जायचं, जिथे १० मे १८६९ रोजी अमेरिका खंड ओलांडणारे रूळ जोडले गेले, आणि तिथून पुढे कच्च्या रस्त्यानं सुमारे सोळा मैल. पेट्रोल आणि पिण्याचं पाणी कोरीनमध्येच भरून घ्यावं, पुढे काहीही मिळत नाही. पाऊस पडला असेल तर तळावर गाडी उतरवू नये. वरून पांढरी दिसणारी पापडी आत चिखल असते आणि चाकं बुडतात.

रोझेल पॉइंटवर रॉबर्ट स्मिथसन यांनी १९७० मध्ये काळ्या खडकांची दीड हजार फुटांची सर्पिल वाट रचली. ती जवळपास तीस वर्षं पाण्याखाली होती. आता बहुतेक वेळा पूर्ण कोरडी असते आणि पाणी तिच्या पलीकडे लांब असतं. पाण्याचा रंग गुलाबी, कारण इतक्या मिठात फक्त लाल रंगद्रव्याचे सूक्ष्मजीव आणि एक शेवाळ तग धरतात. इथे आर्टेमिया नाही. क्षारता २७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पाण्याला आणखी मीठ विरघळवता येत नाही आणि ते तळावर जमत जातं.

एकाच सरोवरात ही दोन पाणी कशी, याचं कारण रेल्वे. १९०४ मध्ये सरोवर ओलांडायला लाकडी पूल बांधला होता, त्याखालून पाणी मोकळं फिरायचं. १९५९ मध्ये त्याच्याशेजारी दगडमातीचा भराव घातला गेला आणि सरोवर दोन भागांत तुटलं. तिन्ही नद्या दक्षिणेला येतात, उत्तरेला जवळजवळ काहीच नाही. भरावात ठेवलेल्या दोन पाणमोऱ्या खचत गेल्या आणि २०१२-१३ मध्ये बंद कराव्या लागल्या. त्यांच्याऐवजी १८० फुटांच्या पुलाखालचं नवं तोंड २०१६ च्या डिसेंबरमध्ये उघडलं. भरावावर रेल्वेच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, पण नकाशा हातात घेऊन इथून समजून घेता येतं.

त्या तोंडातून दोन प्रवाह एकावर एक उलट दिशांना वाहतात. दक्षिणेची पातळी वर, म्हणून हलकं पाणी वरच्या अंगानं उत्तरेला जातं. उत्तरेचं पाणी जड, म्हणून ते तळालगत दक्षिणेला घुसतं. पुलाखाली तळाशी दगडांचा एक बुडीत बंधारा आहे आणि त्याची उंची बदलता येते. तो वाढवला की आधी खालचा जड प्रवाह अडतो. आणखी वाढवला की वरचाही अडतो आणि नद्यांचं पाणी दक्षिणेतच राहतं. २०२२ च्या उन्हाळ्यात तो चार फुटांनी वाढवून ४,१८७ वर नेला. २०२३ च्या फेब्रुवारीत राज्यपालांच्या आदेशानं आणखी पाच फूट, म्हणजे ४,१९२ वर. त्यापाठोपाठ बर्फाचं विक्रमी पाणी आलं आणि ते दक्षिणेत साठलं. क्षारता झपाट्यानं उतरली, माश्या आणि आर्टेमिया दोन्ही सावरले.

हा उपाय योग्य वेळी केला गेला. पण त्यानं सरोवरात एक थेंबही वाढत नाही, फक्त वाटणी बदलते, आणि किंमत उत्तर भाग मोजतो. तिथे गनिसन बेटावर पांढऱ्या पाणकोळ्यांची मोठी वसाहत होती. पाणी आटून बेट जमिनीला जोडलं गेलं, कोल्ह्यासारख्या शिकारी कोयोटींना वाट मिळाली, आणि २०२३ मध्ये पक्ष्यांनी घरटी सोडून दिली. दुसरी अडचण वेळेची. बंधारा फार काळ उंच ठेवला तर दक्षिणेचं मीठ उत्तरेत जाऊन तळावर थिजतं आणि सहजासहजी परत येत नाही. म्हणून तो किती वर्षं, कोणत्या क्षारतेपर्यंत उंच ठेवायचा याचे आकडे आधी ठरवूनच त्याला हात लावावा लागतो.

चौथा दिवस: बेअर नदीचं मुख

ब्रिगम सिटीच्या पश्चिमेला १९२८ मध्ये स्थापन झालेलं स्थलांतरित पक्ष्यांचं राखीव क्षेत्र आहे. गाडीनं फिरायचा बारा मैलांचा फेरा बांधांवरून जातो. दोन्ही बाजूंना तळ्यांचे कप्पे, प्रत्येकाला दारं, आणि दारात फळ्या टाकून-काढून पाण्याची खोली राखलेली. उन्हाळ्यात नदी आटली की सगळे कप्पे भरता येत नाहीत. तेव्हा थोडे कप्पे नीट भरून बाकीचे कोरडे सोडतात. सगळ्यांत थोडं थोडं पाणी ठेवलं तर ते तापतं, कुजतं आणि पक्ष्यांत बोट्युलिझम या जिवाणूजन्य विषबाधेची साथ येते.

इथला खरा शत्रू फ्रॅग्मायटीस. देवनळासारखं उंच गवत, पंधरा फुटांपर्यंत वाढतं आणि जमिनीखालच्या मुळखोडांनी पसरतं. ते पाणी ओढतं आणि देशी लव्हाळे मारतं, त्याच्या दाटीत पक्ष्याला उतरायला जागा राहत नाही. काढण्याचा क्रम चुकला तर श्रम फुकट जातात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पानातली साखर मुळांकडे उतरत असते तेव्हा, पाणथळीसाठी मान्य असलेलं ग्लायफोसेट हे तणनाशक फवारायचं. वसंतात फवारलं तर पानं जळतात आणि मुळं जगतात. पाण्याविना सुकलेल्या रोपावर फवारलं तर औषध आत जात नाही, म्हणून आधी कप्प्याला थोडं पाणी द्यावं लागतं. मग हिवाळ्यात जमीन गोठली की वाळलेला काड कापायचा किंवा रोलरनं दाबायचा. हे वगळलं तर काडाच्या सावलीत देशी बी उगवत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी राहिलेल्या ठिपक्यांवर फवारणी. त्यानंतर लव्हाळ्याचं बी टाकायचं, नाहीतर मोकळ्या चिखलावर पहिलं फ्रॅग्मायटीसच येतं. उन्हाळ्यात हिरवं कापणं किंवा नुसतं जाळणं यानं ते आणखी जोमानं फुटतं. काही ठिकाणी गुरं सोडून चारतात, त्याचाही उपयोग होतो.

दक्षिणेला ओग्डेनच्या बाजूला खनिज कंपन्यांची मिठागरं आहेत. खोऱ्यातल्या एकूण पाणीवापरात ढोबळमानानं दहावा हिस्सा या उद्योगाचा. त्यांनी उचललेलं पाणी वाफ होऊन संपतं, परत येत नाही. काठ मागे सरकला की त्यांनाही पाणी आणणारे चर लांबवत आणि उपसत बसावं लागतं.

पाचवा दिवस: कॅश व्हॅली

बेअर नदी युइंटा पर्वतात उगम पावते, वायोमिंग आणि आयडाहोमधून मोठा वळसा घेऊन परत युटात येते. पाचशे किलोमीटरहून जास्त वाहूनही तिचं मुख उगमापासून दीडशे किलोमीटरच्या आतच आहे. वाटेत तिला कालव्यांची तोंडं लागतात. १९२७ च्या कटलर धरणावरून दोन्ही काठांना कालवे निघतात. खोऱ्यात मुख्य पीक लसूणघास आणि इतर चारा, बहुतेक गुरांसाठी. माणसानं खर्चलेल्या पाण्यात साधारण दोन-तृतीयांश वाटा शेतीचा. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला होता की माणसाचा पाणीवापर नसता तर सरोवर अकरा फूट वर असतं. दुष्काळ आणि तापमानवाढीचा वाटा आहेच, पण मोठा घास इथल्या दारांतून जातो.

शेतकऱ्यांना दोष देऊन काही साधत नाही. पाण्याचे हक्क शंभर-सव्वाशे वर्षं जुने आहेत आणि कायद्याचा पाया 'आधी आला त्याचा हक्क आधी' असा. सात वर्षं पाणी वापरलं नाही तर हक्क जाऊ शकतो. म्हणजे काटकसर करणाऱ्यालाच भीती. २०२२ च्या कायद्यानं हे बदललं: सरोवरासाठी पाणी सोडणं हाही उपयुक्त वापर मानला गेला, आणि हक्कदाराला हक्क न गमावता ते भाड्यानं देता येऊ लागलं. त्याच वर्षी चार कोटी डॉलरचा न्यास उभा राहिला. तो ऑड्युबॉन सोसायटी आणि नेचर कन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्था चालवतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्यपालांनी खोऱ्यात नवे हक्क देणं थांबवलं. २०२३ मध्ये सरोवरासाठी स्वतंत्र आयुक्त कार्यालय कायद्यानं निर्माण झालं, आणि एलडीएस (मॉर्मन) चर्चनं सुमारे २०,००० एकर-फूट पाण्याचे शेअर कायमचे सरोवराला दिले. मोठी देणगी, पण एका टीएमसीच्या आतली. त्याच वर्षी ब्रिगम यंग विद्यापीठातल्या आणि इतर शास्त्रज्ञांच्या गटानं दरवर्षी दहा लाख एकर-फूट, म्हणजे ४३ टीएमसीहून जास्त वाढीव पाणी मागितलं होतं.

आता या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा हिशेब. मोकाट पाणी सोडण्याऐवजी तुषार सिंचन बसवा म्हणजे सरोवर वाचेल, असं सर्रास म्हटलं जातं. समजा एक शेत नदीतून १०० भाग पाणी घेतं. पीक ५० भाग पितं, ५० भाग जमिनीतून आणि पाटचाऱ्यांतून परत नदीला मिळतात. नदीचा निव्वळ तोटा ५०. तुषार संच आल्यावर शेत ७० भागच घेतं, पण पाणी सारखं बसल्यानं पीक जोमानं वाढतं आणि ५५ भाग पितं. परत फक्त १५ येतात. नदीचा तोटा ५५. दारावरचं मीटर ३० भागांची बचत दाखवतं आणि सरोवराला पाच भाग कमी मिळतात. वाचलेल्या ३० भागांत आणखी एक एकर भिजवला तर तोटा अजून वाढतो. तुषार संच वाईट नाहीत, पीक आणि मजुरी दोन्हीला ते बरे. पण सरकारी अनुदान द्यायचं तर अट एकच असावी: पिकानं प्यायलेलं पाणी किती घटलं ते दाखवा.

ते घटवायचे मार्ग थोडे आहेत. शेत एक हंगाम पडीक ठेवणं, कमी पाण्याचं पीक घेणं, किंवा अर्ध्या हंगामाचा करार. लसूणघासाच्या दोन कापण्या घ्यायच्या आणि मग पाणी बंद करायचं. पीक सुप्तावस्थेत जातं आणि पुढच्या वसंतात बहुतेक वेळा सावरतं. उथळ मातीत मात्र काही रोपं मरून रान विरळ होतं, त्याची भरपाई करारात धरावी लागते. जिथे भूजल वर आहे तिथे खोल मुळं ते ओढत राहतात आणि बचत कागदावरच राहते, म्हणून अशी शेतं निवडू नयेत. पिकानं किती पाणी उडवलं ते ओपन-ईटी या उपग्रहाधारित प्रणालीवरून शेतनिहाय बघता येतं.

पाणी वाचलं तरी ते सरोवरापर्यंत पोचवणं हे वेगळं काम आहे. वरच्या शेतकऱ्यानं सोडलेलं पाणी खालच्या दारावरचा कनिष्ठ, म्हणजे नंतर हक्क मिळालेला, हक्कदार उचलतो, आणि कायद्यानं त्याचं चूक नसतं. म्हणून हक्कात बदलाचा अर्ज मंजूर करून घ्यावा लागतो. त्यात फक्त पिकानं प्यायचा तो भागच सरोवराकडे वळवता येतो, कारण परत येणाऱ्या पाण्यावर खालच्यांचा हक्क असतो. मग पाणीवाटप बघणारा रिव्हर कमिशनर प्रत्येक दारापाशी ते पाणी पुढे जाऊ देतो. साठवणीतलं पाणी सोडायचं तर कालवे बंद झाल्यावर, थंडीत सोडावं. ऑगस्टमध्ये सोडलेला छोटा प्रवाह दारं, दलदल आणि उन्हातच संपतो.

हे सगळं मोजणीवर उभं आहे, आणि मोजणी पाटचाऱ्यांवरच्या पार्शल फ्लूमवर, म्हणजे प्रवाह मोजायच्या मधे निमुळत्या पन्हाळीवर. एक फूट गळ्याच्या फ्लूममध्ये आत येणाऱ्या निमुळत्या भागात ठरलेल्या जागी पाण्याची उंची एक फूट असेल तर प्रवाह ४ क्युसेक, म्हणजे दिवसाला जवळपास आठ एकर-फूट. उंची वाचताना दीड सेंटिमीटर चुकलं तर प्रवाहात साडेसात टक्क्यांची चूक पडते. बिघाड नेहमीचेच असतात. थंडीत जमीन फुगून फ्लूम एका बाजूला कलतो. तळाशी गाळ बसतो. खालच्या चारीत गवत माजून पाणी मागे तुंबतं, आणि खालची उंची वरच्या उंचीच्या ७० टक्क्यांपुढे गेली की नेहमीचं कोष्टक खोटं बोलू लागतं, प्रवाह आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं. दर हंगामाआधी लेव्हल लावून तळ तपासणं, आणि महिन्यातून एकदा प्रवाहमापकानं पडताळणं एवढं केलं तरी भांडणं निम्मी होतील.

सहावा दिवस: शहर

शहरात आधी एक समजूत बाजूला ठेवायला हवी. घरातल्या नळाचं, न्हाणीघराचं पाणी सांडपाणी केंद्रातून बहुतांशी परत सरोवराच्या वाटेला लागतं. त्यात काटकसर केल्यानं सरोवराला फारसं काही मिळत नाही. उलट सांडपाणी शुद्ध करून ते हिरवळीवर फिरवलं तर सरोवराचं पाणी तुटतं, आणि म्हणून २०२३ मध्ये खोऱ्यातल्या नव्या पुनर्वापर प्रकल्पांवर कायद्यानं बंधनं आली. जातं ते अंगणातलं, हिरवळीवर फवारलेलं पाणी.

अनेक उपनगरांत या हिरवळीसाठी अशुद्ध पाण्याची वेगळी नळवाहिनी आहे, एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालणारी. तिला वर्षानुवर्षं मीटर नव्हतं. वर्षाची ठोक रक्कम भरायची आणि हवं तेवढं वापरायचं. २०२२ च्या कायद्यानं २०३० पर्यंत बहुतेक सगळ्या जोडण्यांना मीटर बंधनकारक केलं. काम दिसतं त्याहून किचकट आहे. पाण्यात वाळू, शेवाळ आणि गोगलगाईंची शिंपलं असतात, त्यामुळे फिरत्या चक्राचे मीटर अडकतात. हलणारा भाग नसलेले अल्ट्रासॉनिक किंवा चुंबकीय मीटर टिकतात. त्यांच्याआधी जाळी लागते आणि ती हंगामात साफ करावी लागते. थंडी सुरू होण्याआधी सगळी वाहिनी रिकामी केली नाही तर मीटरचं अंग फुटतं. जुन्या जोडण्यांचे नकाशे नसतात, त्यामुळे खोदल्यावर एका वाहिनीवर दोन-दोन घरं निघतात.

मीटर बसल्यावर दर न वाढवताही, महिन्याला 'तुमच्या हिरवळीची गरज एवढी, वापर एवढा' असा कागद घरी गेला की वापर उतरतो, हा इथल्या पाणीसंस्थांचा अनुभव आहे. पुढचा टप्पा मात्र बाकी आहे. उपनगरात वाचलेलं पाणी धरणात उरतं, आणि तिथून ते नव्या वसाहतींना देता येतं किंवा सरोवराकडे सोडता येतं. ते सरोवरासाठी नोंदवलं गेलं, तरच वेबर आणि जॉर्डनच्या शेवटच्या दारांतून पुढे जाईल. मीटर बसवतानाच पाणीसंस्थेनं बचतीचा किती हिस्सा सरोवराच्या नावे करायचा हे ठरावात लिहून घ्यावं. नंतर ते पाणी कुणाकडून तरी परत मागावं लागतं.